शेंगा गेल्या

फेब्रुवारी लागला की मला जगातल्या प्रत्येकाचा संशय यायला लागतो. तसा तो बारा महिने येतोच, पण या दिवसांत त्याला सरकारी मान्यता मिळते. दहावी-बारावीच्या परीक्षा आल्या की आम्हा मास्तरणींचं कामच ते. पोरींच्या वेण्या, पोरांचे मोजे, पॅडची मागची बाजू, पाण्याची बाटली, सगळं चाचपून मग आत सोडायचं. वर्गात कॅमेरा, व्हरांड्यात दुसऱ्या शाळेतून आलेले पर्यवेक्षक, गेटवर पोलीस, आणि कधी टपकेल याचा नेम नसलेलं भरारी पथक. आम्ही पोरांवर डोळा ठेवायचा आणि पथकानं आमच्यावर. माझ्या बरोबरीच्या बायकांना यात अपमान वाटतो. मला उलट बरं वाटतं. चला, म्हणजे जगात आपण एकट्याच नाही.

याच दिवसांत उजळणीला ॲक्टिव्ह-पॅसिव्ह व्हॉईस येतो. इंग्रजीचा हा धडा शिकवण्याची माझी पद्धत पोलिसी आहे. फळ्यावर वाक्य लिहायचं, क्रियापदाची कॉलर धरायची आणि विचारायचं, काय? खाल्लं. काय खाल्लं? भाकरी. उत्तर आलं, म्हणजे सकर्मक. झोपला. काय झोपला? वर्ग फिदीफिदी हसतो. उत्तर नाही, म्हणजे अकर्मक, सोडून द्या त्याला. ज्याच्याकडे कर्म सापडलं त्यालाच पॅसिव्हमध्ये उलटं करता येतं. मग कर्म पुढे येऊन ऐटीत बसतं आणि करणारा 'बाय'चं बोट धरून मागे जातो. पुष्कळदा तर तो मागेही नसतो, पार गायब. 'द विंडो वॉज ब्रोकन.' खिडकी फोडली गेली. कोणी? नावच नाही. मी पोरांना सांगते, बाळांनो, हे चोराचं व्याकरण आहे, नीट शिकून घ्या, पुढे ऑफिसात लागेल.

आणि आपली मराठी तर त्याहून वस्ताद. तिला एवढी उलटापालट करायचीही गरज पडत नाही. काच फुटली. दूध उतू गेलं. मोटर जळाली. इंग्रजी राहिलं. जशी काही काच सकाळी उठली, दात घासले आणि फुटली! असलं वाक्य घरात ऐकलं की माझे कान टवकारतात. नवरा म्हणतो, "कप फुटला." मी म्हणते, "फुटला की फोडला?" इतक्या वर्षांच्या संसारात या गृहस्थानं एकदाही 'फोडला' म्हटलेलं नाही.

पण एक परीक्षेचा हंगाम असा आला की मी स्वतःच असल्या वाक्याच्या आड जाऊन उभी राहिले. वारा तापायला लागला, रस्त्यावर कडुनिंबाची पिवळी पानं घरंगळायला लागली की तो हंगाम आठवतो. आणि शेवग्याच्या शेंगा बाजारात आल्या की जास्तच आठवतो.

तेव्हा आमच्या संस्थेनं मला शिंगणापूरकडच्या शाळेत पाठवलं होतं. नवरा नगरच्या एमआयडीसीत. सकाळचे जादा तास, शनिवारी भाविकांनी फुललेल्या गाड्या, अपडाउन काही झेपेना. म्हणून परीक्षेपुरती तिथेच खोली घेतली. शिंगणापुरात घरांना दारं नसतात हे मला काय माहीत नव्हतं? नगरच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण माहीत असणं निराळं आणि त्या चौकटीकडे पाय करून झोपणं निराळं. माझं माहेर माळीवाड्यातलं. आमच्या घराला कडी, अडसर आणि वर नवतालचं भक्कम कुलूप. एवढं करून वडील रस्त्यावरून परत येऊन कुलूप ओढून बघायचे. अशा घरातली मी, आणि माझ्यापुढे नुसती दगडी चौकट, तिला एक फुलाफुलाचा पडदा.

"कुलूप कुठं लावायचं, मावशी?" मी घरमालकिणीला विचारलं. गयाबाई साठीच्या, सुक्या अंगाच्या, डोळे मात्र तेल घातल्यासारखे. त्या, त्यांची सून रेखा आणि मुलगा शेजारच्याच घरात राहायचे. मुलगा टेम्पोवर, कांद्याच्या मागे सदा बाहेर. देवळाच्या वाटेवर त्यांचं दुकान होतं, तेल, रुईच्या माळा, काळे उडीद, नाल असलं विकायचं.

"कुलूप?" गयाबाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "देव हाय की बसलेला. कुत्री येत्यात तेवढी. ही फळी लावून जात जा. फळी दिसली की मानूस समजतं, घरात कुनी न्हाई. मग कुनी येत न्हाई."

आता सांगा, चोराला याहून चांगली पाटी कुठली? घरात कोणी नाही! मी मुकाट्यानं लोखंडी ट्रंक आणली, तिला दोन कुलपं घातली आणि ट्रंक खाटेच्या पायाला साखळीनं बांधली. गयाबाई चौकटीत उभ्या राहून बघत होत्या. "म्हस बांधल्यावानी बांधलीया," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

दुपारच्या त्या गावाचा वास अजून नाकात आहे. तेलाचा खमंगपणा, रुईच्या चिकाचा कडवटपणा, आणि वारा फिरला की लांबच्या साखर कारखान्याच्या मळीची आंबूस घाण. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या डुलत जायच्या. ज्वारीची काढणी उरकून शिवार उघडं पडलेलं, त्यात वावटळी नाचायच्या. गल्लीत सगळ्या घरांची तोंडं उघडी. कोणाच्या चुलीवर काय शिजतंय, कोणाची सून रुसलीय, कोणाचं पोर मार खातंय, सगळं रस्त्यावरून चालता चालता कळायचं. लोकांना त्याचं काही नव्हतं. मी मात्र पडद्याला चार सेफ्टी पिना लावल्या होत्या.

आणि एक दिवस मला कळलं की माझ्या मागे घरात कोणीतरी येतं.

आता सर्वसाधारण बाईला हे कळलंच नसतं. काही गेलंच नव्हतं! पण मी शाळेत जाताना चमचा बरणीवर आडवा ठेवून जायची, दांडी पूर्वेला. व्याकरणाचं पुस्तक टेबलावर पालथं ठेवायची. संध्याकाळी आले तर चमचा जागच्या जागी, पुस्तक मात्र उताणं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम उताणं ठेवलं, तर पान उलटलेलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी माठ काठोकाठ भरलेला. अरे देवा! असला कसला चोर, जो नेत काहीच नाही आणि पाणी भरून जातो? पैसे जाते, दागिना जाता तर मी शांत झोपले असते. चोरी झाली, संपलं. पण काही न नेणारा माणूस म्हणजे त्याच्या पोटात काहीतरी मोठं असणार.

मग खिडकीच्या फळीवर लिंबू आलं. एक. पिवळंधमक, देठासकट.

करणी! हे गाव शनीचं, इथं लिंबाचा अर्थ काय सांगायला हवा? मी इंग्रजीची पदवीधर बाई, वर्गात अंधश्रद्धेवर निबंध लिहून घेणारी. मी ते लिंबू चिमट्यात धरलं, तोंडानं जे आठवेल ते स्तोत्र म्हणत ओढ्यापर्यंत नेलं आणि फेकलं. दोन दिवसांनी दुसरं आलं. तेही ओढ्यात गेलं. शाळेत मी एकेकाचे चेहरे न्याहाळायला लागले. कोणाला माझी जागा हवी होती? गणिताच्या बाई माझ्याकडे बघून हल्ली जरा जास्तच गोड हसत नव्हत्या का?

त्यानंतर आल्या शेंगा. शेवग्याच्या, कोवळ्या, हिरव्यागार, दोऱ्यानं बांधलेल्या. रविवारी नवरा आला तेव्हा त्याला मी सगळं कानात सांगितलं. तो इतका हसला की खाट करकरली. "अगं, करणी करणारी बाई तुझ्या आमटीची सोय कशाला करेल?" म्हणाला. मला काही ते पटलं नाही. पण शेंगा फारच चांगल्या होत्या. त्या पाण्यात बुडवून ठेवल्या, मीठ टाकून बघितल्या, वास घेतला, आणि शेवटी नवऱ्याला आधी खायला घातल्या. तो संध्याकाळपर्यंत ठणठणीत राहिला. मग पुढच्या शेंगांची मी आमटी केली.

ती आमटी चुलीवर रटरटत असतानाच मी गयाबाईंना बोलावून सांगितलं, "मावशी, माझ्या घरात कोणीतरी येतं हो."

गयाबाईंचा चेहरा असा झाला, जणू मी देवाचंच नाव घेऊन काही बोलले. "ह्या गावात? आवो मॅडम, हितं कुनी दुसऱ्याच्या चिंधीला हात लावत न्हाई!" मग त्या चौकटीशी टेकल्या. नखानं चौकटीचा चुना खरवडला. हळूच म्हणाल्या, "माझ्याबी शेंगा गेल्या. परसातल्या. झाड माझ्या नजरंत हाय, मला कळतं."

मी पातेल्यावर ताट झाकलं.

"कशाची आमटी हाय?" गयाबाईंनी विचारलं.

"वांग्याची."

"वास शेवग्याचा यितोय."

"रस्त्यावरून येत असेल," मी म्हणाले. त्या घराला दार नव्हतं हे त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या पथ्यावर पडलं. गयाबाई माझ्याकडे बघत राहिल्या, मग पातेल्याकडे, मग स्वतःच्या घराकडे. तिकडे रेखा पायरीवर बसून रुईच्या माळा ओवत होती, मान खाली. "आसंल," म्हणाल्या आणि उठून गेल्या. म्हणजे बघा, चोरीचा माल माझ्या पोटात, आणि मालकिणीला मीच तक्रार सांगतेय. रात्रभर मला त्या शेंगा जड गेल्या.

आता सोक्षमोक्ष लावायचाच, असं ठरवून मी किरकोळ रजा टाकली. सकाळी नेहमीसारखी साडी नेसून, पर्स घेऊन निघाले, गावाला वळसा घातला आणि मागच्या खिडकीतून परत घरात शिरले. फळी बाहेरून लावलेलीच. खोलीच्या कोपऱ्यात गव्हाची कोठी होती, तिच्यामागे पोतं टाकून बसले. हातात लाटणं. बाहेर ऊन रणरणत होतं, कुठेतरी होला घुमत होता. गव्हाच्या धुळीनं नाक हुळहुळत होतं. शाळेत माझ्या वर्गावर कोण गेलं असेल आणि काय वाट लावली असेल, याचीही एक निराळी काळजी.

दुपार कलायला लागली तशी फळी सरकली. कोणीतरी चौकटीत उभं राहिलं आणि रिकाम्या घराला हळू आवाजात म्हणालं, "येऊ का?"

थोडं थांबलं. जणू आतून 'ये' यायची वाट बघावी तसं. मग आत आलं.

रेखा होती. गयाबाईंची सून. तिनं आधी माठ बघितला, कळशीभर पाणी ओतलं. पदरातून दोन शेंगा काढून खिडकीच्या फळीवर ठेवल्या. मग जमिनीवर मांडी घातली, माझं पुस्तक मांडीवर घेतलं आणि बोट ठेवून वाचायला लागली. "ही... राईट्स... अ लेटर. अ लेटर... इज... रिटन..." दर शब्दाला थांबत, पुढचा शब्द कुठं जाईल याचा अंदाज घेत. चोर पकडायला बसलेली मी, आणि चोर माझ्याच घरात माझाच धडा करतोय. मला काय वाटलं ते सांगते. राग नाही, कीव नाही. मला पहिल्यांदा वाटलं ते असं की, 'इज'चा उच्चार चुकतोय. आणि त्याच क्षणी मी शिंकले.

रेखा किंचाळली. मी उठले, कोपर लागून फडताळावरची परात खाली आली, आणि असा काही आवाज झाला की अख्ख्या गल्लीनं ऐकावा. पुस्तक छातीशी धरून रेखा नुसती मान हलवत होती, नको, नको.

बाहेरून, अगदी भिंतीला लागून, गयाबाईंचा आवाज आला. "काय झालं? कोन हाय आत?"

या वेळी या बाई दुकानात असायला हव्या होत्या. घरी काय करत होत्या? मी रेखाकडे बघितलं. ती हात जोडून उभी. आणि जिनं जन्मभर 'फुटला की फोडला' विचारलं त्या माझ्या तोंडून आपोआप आलं, "काही नाही, मावशी! परात पडली."

रेखानं पुस्तक पदराआड घेतलं.

"कुनी पाडली?"

"पडली आपली आपण. मांजर असेल."

"मांजर," गयाबाई म्हणाल्या. मग चपलांचा आवाज दूर गेला.

रेखा हळूहळू बोलती झाली. लग्नाआधी तिचं दहावीचं इंग्रजी राहिलं होतं. बाकी सगळे विषय सुटले, हा एक राहिला. मग लग्न झालं आणि पुढचं शिक्षण बंद झालं. "कोणी बंद केलं?" मी सवयीनं विचारलं. तिनं खांदे उडवले. "तसं ठरलं." गावच्या आशाताई, घरोघर जाऊन आरोग्याचं सरकारी काम करणाऱ्या, मुलाकडे राहायला जाणार होत्या, त्यांची जागा उन्हाळ्यानंतर भरायची होती. दहावी पास लागतं. रेखाला ती जागा हवी होती, इतकी की बोलताना तिचे ओठ सुकत होते. "दिवसभर माळा ववायच्या. भाविक येत्यात, माळ घेत्यात, जात्यात. मला बी कुठं तरी जायाचंय, मॅडम. कुनाच्या तरी घरी, काम घिऊन." नवऱ्याला सांगून तिनं फॉर्म भरला होता. तो ना हो म्हणाला, ना नाही. सासूला, तिच्या आत्याबाईंना, सांगायची छाती नव्हती. आणि वाचायचं कुठे? त्यांच्या घरात येणारा-जाणारा सरळ आत येतो. सुनेच्या हातात पुस्तक दिसलं की संध्याकाळच्या आत गावभर. फळी लावलेलं घर एकच होतं, माझं.

"आणि लिंबं?" मी विचारलं. "ती कशाला गं, बाई?"

"तुमचं पुस्तक वापरलं. बसले तुमच्या घरात." ती माझ्याकडे अशी बघत होती की हे काय विचारायचं झालं. "आत्याबाईंचा नेम हाय. कुनाच्या चुलीतला इस्तव नेला तर गवरी ठिऊन यायची. वापरलं की ठिवायचं. न्हाईतर ती चोरी. आन् चोरी म्हंजी..." तिनं देवळाच्या दिशेनं मान वळवली.

म्हणजे ज्या लिंबांना मी करणी समजून चिमट्यानं ओढ्यात टाकत होते, ते भाडं होतं! आणि त्या भाड्यासाठी ती सासूच्या झाडाच्या शेंगा न विचारता काढत होती. ही चोरी तिच्या हिशेबात बसत नव्हती का, हे मी विचारलं नाही. बहुतेक तिला घरातलं झाड म्हणजे आपलंच वाटत असावं. की वाटत नसावं, आणि म्हणूनच ती रोज इतकी घाबरलेली असायची?

त्यानंतर रोज संध्याकाळी रेखा दूध द्यायच्या निमित्तानं यायची आणि आम्ही चुलीपाशी व्हॉईस करायचो. मी तिला माझी पोलिसी पद्धत शिकवली. क्रियापदाला विचार, काय? ती पटकन शिकली, पण एका ठिकाणी अडायची. "करनाऱ्याला मागं का ढकलायचं, मॅडम? केलंय त्यानं, तर पुढं ऱ्हाऊ द्या की." मी म्हणाले, कधी करणारा माहीत नसतो, कधी तो महत्त्वाचा नसतो, आणि कधी त्याचं नाव घ्यायचं नसतं. ती विचार करून म्हणाली, "परातीच्या येळी घेतलं न्हाई, तसं?" मी म्हणाले, "तसं." परातीचा पोचा अजून आहे. मी ती परात मोडीत दिलेली नाही.

पण माझा संशय काही झोपत नव्हता. दूध द्यायला एवढा वेळ का लागतो हे गयाबाई विचारत नव्हत्या. उलट दुकानातून उशिरा यायला लागल्या होत्या. माझ्याशी बोलताना दुसरीकडे बघायच्या. मला खात्री होती, ही बाई काहीतरी शिजवतेय. परीक्षेच्या आदल्या दिवशी डाव टाकणार आणि पोरीला घरात बसवणार. अशा गोष्टी मी बघितल्या होत्या. ऐन पेपरच्या दिवशी कोणाची तरी आजी आजारी 'पडते'.

आणि इंग्रजीचा पेपर शनिवारी आला. शिंगणापुरातला शनिवार! गाड्यांच्या रांगा, तेलाचे डबे, पहाटेपासून माळांवर माळा. त्या दिवशी घरातलं हलतं माणूस दुकानावर लागतं. सुनेला सोडणं म्हणजे अर्धं दुकान बंद ठेवणं. रेखानं दोन दिवस अन्न टाकलं. तिचं परीक्षा केंद्र नेवाशाला, म्हणून मी थाप तयार केली. माझ्या पोटात दुखतंय, नेवाशाला डॉक्टरकडे जायचंय, सोबत रेखाला नेते. आरशासमोर दोनदा म्हणूनही बघितली. थाप मारायची म्हणजे तालीम लागते, मला शंका काढायची सवय, खोटं बोलायची नाही.

शनिवारी उजाडताच गयाबाईच माझ्या चौकटीत उभ्या. मी पोटावर हात ठेवून कण्हायला सुरुवात करणार, तेवढ्यात त्यांनी खिडकीच्या फळीवर शेवग्याच्या शेंगांची मोळी ठेवली. वर एक लिंबू.

"हे काय, मावशी?"

"वापरलं की ठिवायचं," त्या म्हणाल्या. "शिकिवताय न्हवं माझ्या सुनंला?"

माझा हात पोटावरच राहिला. रेखा त्यांच्या मागे अंगणात उभी होती, नवी साडी, हातात पेन, चेहरा रडून सुजलेला.

"तुम्हाला कधीपासून माहीत?" मी विचारलं.

"तुमी आमटी वांग्याची म्हनलात तवापासून. सून शेंगा तोडती, ते पयलंच बघितलं हुतं." गयाबाईंनी पदरानं कपाळ पुसलं. "आदी मला निराळाच संशय आला हुता. सून दुपारची दुसऱ्याच्या घरात जाती, आईबापाची आन, काय समजायचं मानसानं? मग दुकान टाकून आले आन् तुमच्या भितीला कान लावला. वाचत हुती. माझा जीव भांड्यात पडला."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत? मी उगीच मांजर आणलं मध्ये!"

"बोलले आसते तर थांबवावं लागलं आसतं." त्या अगदी साधेपणानं म्हणाल्या. "सासू हाय मी. बघितलं म्हनलं की थांबवावं लागतं, न्हाईतर चार बाया मलाच बोलत्यात. म्हनून मी म्हनलं, शेंगा गेल्या. कुनी नेल्या, ते म्हनले का तुमाला?"

गयाबाईंनी ते लिंबू पुन्हा उचललं, रेखाच्या डोक्यावरून उतरवलं आणि ओढ्याच्या दिशेनं भिरकावलं. "पेपर सुटंस्तवर माळा मी वविते. जा. आन् पास हो, न्हाईतर हितंच ववायच्यात जलमभर." मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं, त्यांनीही माझ्याकडे.

रेखा पास झाली. काठावर, पण झाली, आणि आशाताईची जागाही तिलाच मिळाली. 'मिळाली' कशी, त्यासाठी गयाबाई किती घरी जाऊन बसल्या, ते मला पुढे गणिताच्या बाईंनी सांगितलं. त्या बाईंच्या गोड हसण्यातही काही नव्हतं हो. त्यांचे दात तसेच होते.

आता मी नगरला, सावेडीत. पाट्यांवर अहिल्यानगर लागलंय, तोंडातून नगरच निघतं. घराला लाकडी दार, त्याच्याबाहेर जाळीचं लोखंडी दार, कडी, साखळी आणि मधोमध बघायचं भोक. परवा दुपारी पेपरचं सुपरव्हिजन करून आले आणि पडले होते, तर बेल वाजली. भोकातून बघितलं. बाई होती. उन्हासाठी तोंडाला स्कार्फ गुंडाळलेला, नुसते डोळे, हातात पिशवी. काय विकायला आलीय कोण जाणे, हल्ली दुपारी एकट्या बायकांना गाठतात, पेपरात रोज येतं. मी श्वास रोखून उभी राहिले. पुन्हा बेल वाजली. मग तिनं जाळीच्या दाराला काहीतरी अडकवलं आणि जिना उतरून गेली.

पुरेसा वेळ जाऊ दिला आणि दार उघडलं. पिशवी होती. शेवग्याच्या शेंगा, दोऱ्यानं बांधलेल्या. त्यावर एक लिंबू, देठासकट.

मी चप्पल न घालताच गॅलरीत धावले. खाली रस्ता उन्हात नुसता पांढरा पडलेला. आत येऊन फोन लावला.

"मॅडम!" रेखाचा आवाज, मागे स्टँडवरच्या गाड्यांचा गोंगाट. "सिव्हिलला पेशंट घिऊन आल्ते बाळंतपनाची. म्हनलं तुमाला भेटून जावं. दार बंद हुतं, बेल वाजवली. घरी न्हवता का?"

"होते," मी म्हणाले. इथं मला 'झोप लागली होती' म्हणता आलं असतं. सोपं, अकर्मक, कोणाचा दोष नाही. "घरीच होते. भोकातून बघितलं आणि मी दार उघडलं नाही."

तिकडून ती हसायला लागली, पोटभर, गयाबाईंसारखी. "तुमी न्हाई बदलायच्या. आत्याबाई शेवटपोतर म्हनायच्या, त्या मॅडमनं ट्रंक म्हशीवानी बांधलीती. त्या गेल्या तवापासून शेंगा मीच काढते, मॅडम. आता कुनाला इचारायचं न्हाई." बोलता बोलता तिचं हसू थांबलं. "गाडीला येळ हाय. येऊ का?"

रिकाम्या घराला विचारलेलं ते 'येऊ का' मला कोठीमागून ऐकू आल्यासारखं झालं. त्या दिवशी कोणी उत्तर दिलं नव्हतं.

"ये," मी म्हणाले. "ये गं. लवकर ये."

मग साखळी काढली, कडी काढली, लाकडी दार उघडलं, जाळीचं दार भिंतीला टेकवून त्याला विटेचा टेकू दिला. शेजारच्या काकूंनी डोकावून विचारलं, सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, पाहुणी येतेय. आणि खुर्ची ओढून, सताड उघड्या दारासमोर, जिन्यावरच्या पावलांकडे कान लावून बसले. पर्स तेवढी मांडीवर घेतली होती.